प्रवाशांस दोन शब्द : सव्हाना बंदर

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सव्हाना बंदरी जाणाऱ्या वाचकांनी नदीकाठच्या कापसाच्या वखारी व वृक्षच्छायेतील २२ चौक अवश्य पाहावेत. परंतु माँटेरी चौकातील मिकवे इस्राएल सिनेगॉग चुकवू नये. ११ जुलै १७३३ रोजी ४२ यहुदी लंडनहून जहाजाने येथे उतरले. वसाहतीच्या लंडनस्थित विश्वस्तांना ते नको होते; तथापि त्यांच्यातील डॉक्टर न्यूनेस यांनी साथीतील रुग्णांवर उपचार केले आणि संस्थापक ऑगलथॉर्प यांनी सर्वांना ठेवून घेतले. त्यांनी सोबत आणलेला सेफेर तोरा तेथे अद्याप जतन केलेला आहे. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे ग्रंथ समुद्रास मिळाले, मुखी केवळ शेमा उरला, असे आपली परंपरा सांगते. म्हणून त्या सेफेरचे मोल आम्हांस विशेष वाटते.