जखमी वाद्यांचें मोल

अमेरिकेंतील जॅझ वादकांची 'आर्चटॉप' गिटार नेहमींच्या गिटारीहून निराळी. तिची दर्शनी फळी व्हायोलिनप्रमाणें कोरून फुगीर केलेली असते. गिब्सन कंपनीनें १९२२ सालीं 'एल-५' हा असाच नमुना काढला. कर्ण्यांच्या गजरांतही अशा गिटारीचा ठेका विजेवांचून ऐकूं येई. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदांत १९३७ सालीं आलेल्या फ्रेडी ग्रीन यांनीं तो सुमारें पन्नास वर्षें सांभाळला.

पुढें १९३९ सालापासून चार्ली ख्रिश्चन यांनीं विजेच्या गिटारीस एकल वादनाचा मान मिळवून दिला. तेव्हां कित्येक वादकांनीं आपल्या जुन्या गिटारीची फळी कापून तींत विजेचा ध्वनिग्राहक बसविला. पोटापाण्याचा तो प्रश्न होता.

आज बाजारांत याच छेदामुळें किंमत पुष्कळ उतरते. न्यूयॉर्कचे जॉन डी'अँजेलिको १९६४ सालीं वारले. त्यांनीं आयुष्यांत घडविलेल्या गिटारी हजाराहून थोड्याच अधिक. अशा दुर्मिळ वाद्यांचा मूळ रंग व मूळ खुंट्या शाबूत असतील, तर संग्राहक वाटेल तें मोल देतात. संग्राहकांनीं पुष्कळ वाद्यें नाशापासून वांचविलीं, हें आम्ही मान्य करतों. परंतु जें कमी वाजलें तें अधिक मोलाचें, हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो. समई कपाटांत ठेवून तिची झळाळी टिकेल. घरांत उजेड पडणार नाहीं.

सुदैवानें याच न्यायामुळें कापलेली, पुन्हां रंगविलेली गिटार सामान्य वादकाच्या आटोक्यांत येऊं शकते. संग्राहकानें नाकारलेलें वाद्य मैफलींत वाजत राहतें. त्याचें भाग्यच थोर, असें आम्ही समजतों.