काटे आपले, शिक्षा पोरींना!

बांधावरची बाभूळ तोडायची आणि फांद्या पाणंदीने ओढत कुंपणाला न्यायच्या, हा आपला रिवाज. वाटेत गळालेले काटे मात्र कुणी वेचत नाही. शासनाने मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली दिल्या, त्या शाळेची पायपीट वाचावी म्हणून. त्याच सायकली पोरी आज हातात धरून ढकलत नेताना दिसतात.

पंक्चर काढूनही दुसऱ्या दिवशी चाक बसले, की आपण दुकानदाराला बोल लावतो. पण बहुतेक वेळा काट्याचे मोडके टोक टायरातच राहिलेले असते. ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसा. फडके अडकेल तिथे काटा. भोक ट्यूबच्या रिमकडच्या बाजूला असेल, तर स्पोकचे टोक टोचते आहे. तिथली पट्टी बदला. हवा कमी असताना कॅरिअरवर पोते लादू नका. खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते.

पण नुसती ठिगळे लावून किती दिवस भागणार? ज्याने फांद्या ओढल्या त्याने वाट झाडावी. पाणंदीवर झुकलेली वेडी बाभूळ ग्रामपंचायतीने काढावी. सरपंचांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावाच. काट्यापायी पोरीची शाळा बुडावी, हे गावाला शोभत नाही.