पाठवले म्हणजे पोहोचले नव्हे



शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना एका पालकांना मिळाली नाही. कार्यालयाचे म्हणणे, ई-मेल पाठविला आहे, संगणकावर तशी नोंदही आहे. पालकांचे म्हणणे, रोज पेटी उघडतो, काही आलेले नाही. दोघेही खरे बोलत होते. मुदतीला दोन दिवस असताना मुलीने वर्गशिक्षिकेला सहज विचारले, म्हणून अर्ज वेळेत गेला. अशा वेळी आपल्या मंडळींत चर्चा लगेच ‘चूक कोणाची’ या वळणावर जाते आणि तिथेच संपते. माझे मत स्पष्ट आहे. पत्र पोहोचविण्याची पहिली जबाबदारी पाठविणाऱ्याची, म्हणजे संस्थेची आहे. आणि ती पार पाडण्याचे उपाय ठाऊक असलेले व आपल्या आवाक्यातले आहेत.

माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. अर्जाच्या डोक्यावर ‘सेवा में’ आणि खाली ‘प्रेषक’ लिहिण्याची सवय अशी बसली आहे की मराठी अर्ज लिहितानाही हात तिकडेच वळतो. ई-मेलला मात्र एक नव्हे, दोन प्रेषक असतात. एक पत्रावर दिसतो तो. दुसरा लिफाफ्यावरचा, जो आपल्याला सहसा दिसत नाही पण यंत्रे पाहतात. न पोहोचलेले पत्र परत येते तेही याच पत्त्यावर. कोणीही कोणाच्याही नावाने पत्र लिहावे, अशी सोय मुळातच राहून गेल्यामुळे ठकांचे फावले. म्हणून घेणारी यंत्रे आता तीन गोष्टी तपासतात. एसपीएफ म्हणजे लिफाफ्यावरच्या नावाने पत्रे टाकण्याची परवानगी कोणत्या यंत्रांना आहे, त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे लाखेची मोहोर. वाटेत मजकुरात फेरफार झाला की ती तुटते. आणि पत्रावरचे नाव या दोहोंपैकी एकाशीही जुळले नाही तर त्या पत्राचे काय करावे, ही नावाच्या मालकाने देऊन ठेवलेली सूचना म्हणजे डीमार्क.

आता सामूहिक पत्रव्यवहारात काय होते पाहा. एखादे पालक गटाच्या पत्त्यावर एक पत्र टाकतात आणि गटाचे यंत्र ते सर्वांना वाटते. पत्रावर नाव पालकांचे, पण पत्र निघते गटाच्या यंत्रातून. शिवाय गट विषयाच्या आधी आपले नाव जोडतो, तळाशी दोन ओळी चिकटवतो. झाले, मोहोर तुटली! एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केले की याहूच्या नावाची पण याहूकडून न आलेली पत्रे सरळ नाकारावीत. हेतू ठकांना रोखण्याचा होता, पण जगभरातले प्रामाणिक गट त्यात भरडले गेले. याहूच्या सभासदाने लिहिले की इतरांच्या पेट्या ते नाकारीत. त्याहून अन्यायाची गोष्ट अशी की, अशी परत आलेली पत्रे मोजून गटाचे यंत्र घेणाऱ्याचाच पत्ता बंद आहे असे समजे आणि त्याला यादीतून परस्पर वगळून टाके. लिहिणारा एक, शिक्षा तिसऱ्यालाच. आपले नाव यादीतून ‘आपोआप’ गेले अशी तक्रार करणाऱ्या ज्येष्ठांना हसू नये, ते यासाठी. उपाय साधा आहे. गटाने पत्र पुढे पाठविताना प्रेषक म्हणून स्वतःचा पत्ता लावावा आणि लेखकाचे नाव व उत्तराचा पत्ता सोबत ठेवावा. गट चालविणाऱ्या बहुतेक प्रणालींत ही सोय आहे. ती चालू आहे की नाही, एवढे कोणीतरी पाहायला हवे.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम आणखी कडक केले. थोडी पत्रे पाठविणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक आवश्यक झाले. जीमेलच्या पेट्यांना दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तिन्ही. आपण ५,००० च्या जवळपासही नाही, पण तिन्ही करून घ्यावे. विश्वस्तांना माझी विनंती आहे की, संस्थेच्या नावाचा स्वतःचा पत्ता घ्यावा. कोणा एकाच्या खासगी जीमेलवरून शेकडो लोकांना पत्रे धाडणे, तीही सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतील अशी, ही पद्धत थांबावी. त्या खात्याला दिवसाची ५०० ची मर्यादा आहे, आणि ती व्यक्ती पदावरून गेली की यादीही तिच्याबरोबर जाते.

आणि परत आलेली पत्रे वाचणारा एक माणूस नेमावा. त्यांतले आकडे निरर्थक नसतात. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे अडचण तात्पुरती, यंत्र पुन्हा प्रयत्न करील. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. बहुधा पत्ता चुकलेला किंवा बंद पडलेला. प्रवेश अर्जावर घाईत लिहिलेले ‘जीमेल’चे स्पेलिंग हे तर स्वतंत्र संशोधनाचे क्षेत्र आहे.

पालकांकडेही थोडे मागणे आहे. गटाचे पत्र नकोसे झाले तर सभासदत्व रद्द करावे. ‘स्पॅम’चे बटण दाबू नये. छोट्या यादीत चार-पाच जणांनी ते दाबले तरी आमची पुढची पत्रे इतरांच्याही स्पॅममध्ये जाऊ लागतात, आणि जीमेल तिथली पत्रे ३० दिवसांनी पुसून टाकते. शाळेचा पत्ता आपल्या संपर्कांत जतन करावा. जीमेलची मोफत जागा १५ जीबी, त्यात फोटोही आले. लग्नाच्या चित्रफितींनी ती भरली की शाळेचे पत्र दारातूनच परत फिरते.

कोणी म्हणतील, व्हॉट्सॲप असताना हा खटाटोप कशाला? उद्याच्या सुट्टीची बातमी त्यावर जरूर द्यावी. पण सर्वसाधारण सभेची सूचना, शुल्कसवलतीचे नियम, अर्जाची मुदत या गोष्टी सुप्रभातच्या फुलांखाली गाडल्या जातात आणि वर्षभराने शोधून सापडत नाहीत. पूर्वी आपण महत्त्वाच्या कागदाला रजिस्टर पोस्ट करून पोचपावतीची वाट पाहत असू. ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, पण पोचपावती मागण्याची वृत्ती जाऊ देऊ नये.

पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारी कार्यालयाकडून प्रत्येक घरी एक छोटे पत्र जाईल. ‘मिळाले’ एवढेच उत्तर द्यावे. ज्यांचे उत्तर आठ दिवसांत येणार नाही, त्यांना दूरध्वनी केला जाईल. विद्यार्थिमित्रांनो, त्या दिवशी आजी-आजोबांची स्पॅमची पेटी तुम्ही उघडून पाहा. पत्र तिथे असेल तर ‘स्पॅम नाही’ हे बटण त्यांच्याच हातून दाबून घ्या.