पोट मारून शिकू नका



मागच्या महिन्यात एका रविवारी कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीतले एक गृहस्थ घरी आले. रिक्षा चालवतात. त्यांचा मुलगा यंदा पुण्याला इंजिनिअरिंगला लागला. शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव आले नाही, म्हणून चौघांत मिळून एक खोली घेतली आहे. हा मुलगा वर्गात चक्कर येऊन पडला. मित्रांनी दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पोरगा जेवत नाही.

चौकशी केली तेव्हा कळले की त्याने मेस एकाच वेळची लावली होती. रात्री चहा आणि पाव. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून दुपारच्या जेवणातल्या दोन पोळ्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि त्याच रात्री खायच्या. बापाने विचारले, "अरे, मला सांगायचे नाही का?" पोरगा म्हणाला, "पप्पा, तुम्हीच तर सांगितले होते, बाबासाहेब पावाच्या तुकड्यावर शिकले."

हे सांगताना त्या गृहस्थांचा गळा दाटून आला. माझी मान मात्र खाली गेली. कारण जून महिन्यात आमच्या वस्तीत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, तेव्हा हाच दाखला माइकवरून मी दिला होता. बापलेक दोघे पहिल्या रांगेत बसले होते.

तेव्हा आज थोडी दुरुस्ती करतो.

लंडनची गोष्ट खरी आहे. १९२० साली बाबासाहेब अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले. सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये, एवढ्यावर सगळे भागवायचे होते. खाणावळीत सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि चहा. रात्री भूक अनावर झाली की भाजलेल्या पापडावर वेळ मारून न्यायची. पण ही लाचारीची भूक होती. ती काही व्रत म्हणून धरलेली नव्हती.

त्याआधी १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती होती. पहिल्या वसतिगृहातले जेवण मानवेना, तेव्हा त्यांनी थोड्याच दिवसांत मुक्काम हलवला. पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये हेच नवल भथेना त्यांच्यासोबत राहत. वसतिगृहात जमलेली ही दोस्ती जन्मभर टिकली आणि लंडनच्या अडचणीत उपयोगी पडली.

आणि मायदेशी परतल्यावर बाबासाहेबांनी काय केले? पोरांना उपाशी राहा म्हणून सांगितले काय? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. तिथे जेवणाखाण्याची, कपड्यांची आणि वह्या-पुस्तकांची सोय होती. १९२८ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नाने मुंबई सरकारने माध्यमिक शाळेतल्या दलित विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहांना मान्यता दिली. ती गावे होती पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड. ठाण्याचे नाव त्यात आहे, हे आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांना ठाऊक आहे? १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, तिथेही कॉलेजाबरोबर वसतिगृहे उभी राहिली. ज्याने स्वतः भूक काढली, त्याने पुढच्या पोरांच्या ताटाची तजवीज आधी केली. म्हणून म्हणतो, पावाच्या तुकड्याची गोष्ट सांगायची तर वसतिगृहापर्यंत सांगावी. अर्धी सांगितली तर पोरगा चक्कर येऊन पडतो.

आता हिशेबाचे बोलू. मी कारकून माणूस.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत शिकणाऱ्यास वर्षाला भोजनासाठी ३२,०००, राहण्यासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे ६०,००० रुपये ठरले आहेत. भोजनाची रक्कम दहा महिन्यांवर वाटली तर महिना ३,२०० होतात. पैसा खात्यात यायला मात्र वेळ लागतो. घोडे तिथेच अडते. या मुलाचाही अर्ज गेला होता, पण हप्ता आला नव्हता. घरी मागायची लाज वाटली, म्हणून पोटाला चिमटा.

म्हणून पालकांना सांगणे आहे की पहिल्या तीन महिन्यांचे मेसचे पैसे आधीच बाजूला काढा. भिशी लागली, सोसायटीचे कर्ज मिळाले, तर मोबाईल नंतर, मेस आधी. मेस लावताना दोन-तीन ठिकाणी एकेक वेळ जेवून बघावे, आणि खाडे धरतात की नाही ते पहिल्याच दिवशी विचारावे. सुटीत घरी आलात आणि खाडे धरले नाहीत, तर आठ-दहा दिवसांचे पैसे फुकट जातात. रविवार रात्रीसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू असा कोरडा खाऊ डब्यात असू द्यावा.

डब्यावरून आणखी एक गोष्ट. डोंबिवलीच्या आमच्या एका नातेवाईकांची मुलगी मुलींच्या होस्टेलवर राहते. आईने सुकटीची चटणी दिली होती. रूम पार्टनरने नाक मुरडले. पोरीने बरणी तशीच परत आणली आणि म्हणाली, "मम्मी, परत देऊ नकोस." आईला वाटले चटणी बिघडली.

रूम पार्टनरला वास सहन होत नसेल तर झाकण घट्ट लावावे, खोलीबाहेर बसून खावे. तेवढी माणुसकी आपल्याकडे असावीच. स्वतःला जे मानवत नाही ते न खाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, बाबासाहेबांनीही तेवढ्यासाठीच मुक्काम हलवला. पण माझे ताट शुद्ध आणि तुझे अशुद्ध असे कोणी म्हणू लागला, तर ती गोष्ट वेगळी. पवईच्या आयआयटीत २०२३ साली मेसमधली सहा टेबले फक्त शाकाहारी जेवणासाठी राखली गेली आणि त्याच्या निषेधात भाग घेतल्याबद्दल एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. एवढ्या मोठ्या संस्थेत हे घडते, तर आपल्या मुलीने घरची बरणी लपवावी यात नवल नाही. पण तिने लपवू नये, एवढे बळ तिला घरून मिळाले पाहिजे. कोणी छळ केला, रॅगिंग केले, तर गृहपालांना किंवा रेक्टरला लेखी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. रॅगिंगविरोधी हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

कोळसेवाडीच्या त्या मुलाची आता दोन वेळची मेस लागली आहे. बाप रोज रात्री फोन करतो. आधी "अभ्यास झाला का?" विचारायचा. आता "काय जेवलास?" विचारतो. पोरगा भाजीचे नाव सांगतो, मगच फोन ठेवतो.

स्वाधारचा अर्ज ज्या जिल्ह्यात कॉलेज आहे तिथल्या समाजकल्याण कार्यालयाकडे जातो. मिळकतीची व इतर अटी आहेत, त्या आधी वाचून घ्याव्यात. ज्यांना मदत हवी त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या विहारात यावे. येताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि कॉलेजचे बोनाफाईड सोबत आणावे. झेरॉक्स दोन-दोन.

जयभीम.