धाब्यावरची छत्री

पारोळ्यात कुठल्याही धाब्यावर उभं राहा, डीटीएचच्या छत्र्या साधारण आग्नेयेकडे तोंड करून असतात. मोडीत निघालेली एक घ्या आणि पश्चिमेच्या जरा दक्षिणेला, क्षितिजापासून ३० अंशांवर वळवा. तिथे ३६,००० किलोमीटर उंचीवर कतारचा एस्हेल-२ आहे. २०१८ साली गेलेला, हौशी रेडिओची यंत्रणा सोबत नेलेला पहिला भूस्थिर उपग्रह. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचे हौशी त्याच्यावरून गप्पा मारतात; ते आपल्या अंगणात ऐकू येणं मला अजूनही विलक्षण वाटतं. छत्रीपुढची एलएनबी नावाची डबी उपग्रहाच्या १०,४८९ मेगाहर्ट्झमधून ९,७५० वजा करते, उरलेले ७३९ संगणकाला जोडलेला छोटा रिसीव्हर सहज पकडतो. खरी परीक्षा घेतं ते खानदेशचं ऊन. डबीतला स्फटिक तापला की वारंवारिता सरकते, बोलणारा हातातून निसटतो. मग एलएनबी उघडायचा, तापमानाची भरपाई करणारा ऑसिलेटर डाखायचा, पुन्हा दुपारची वाट बघायची. मायक्रोवेव्ह रेडिओचं घरगुती काम इथून सुरू होतं आणि वर्षानुवर्षं पुरतं. स्वतः बोलायचं, तर दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो; १२ वर्षांचं पोरगंही तिला बसू शकतं.