‘जेवलीस का?’

फिलिपिन्स म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित माणसालाही फार तर मॅगसेसे पुरस्कार आठवतो. १९५८ साली विनोबांना आणि १९८५ साली बाबा आमट्यांना तो मिळाला, म्हणून मनिला हे नाव आपल्या सामान्यज्ञानाच्या वहीत शिरले. त्यापलीकडे पाटी कोरी. माझी ताई तेथे वैद्यकीच्या शिक्षणाला गेली नसती तर माझीही कोरीच राहिली असती. गेल्या दिवाळीच्या सुटीत तिच्याकडे तीन आठवडे राहून आले. पहिल्यांदा जाणाऱ्याला सारे सांगतात, “तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं, माणसं हसरी आहेत, काही अडत नाही.” माझे स्पष्ट मत असे की, हाच सल्ला सर्वांत फसवा आहे.

इंग्रजी येते हे खरे. १५६५ पासून तीनशेहून अधिक वर्षे स्पेनची सत्ता, १८९८ पासून अमेरिकेची, मध्ये युद्धकाळात जपान्यांची, आणि १९४६ साली स्वातंत्र्य. त्यामुळे माणसांची नावे स्पॅनिश, दुकानांच्या पाट्या इंग्रजी, आणि सप्टेंबर उजाडताच नाताळची गाणी! हे पाहून “यांचे स्वतःचे असे काय?” असा प्रश्न आपल्यातला पंडित चटकन विचारतो. मीही विचारला. उत्तर जीपनीत मिळाले.

महायुद्धानंतर मागे राहिलेल्या अमेरिकन जीपगाड्या लांबवून या गाड्या सुरू झाल्या. दोन बाकांवर माणसे समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. मागे बसलेला माणूस “बायाद पो” म्हणत भाड्याचे पैसे शेजाऱ्याच्या हातात देतो. ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. माझ्या हातावर कोणी नाणी ठेवली तेव्हा मी “नको, नको” म्हणाले. सारी गाडी हसली. यातला ‘पो’ हा आपल्या ‘अहो’सारखा आदराचा शब्द. वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला लावायचा, ही त्यांची नमस्काराची रीत. आणि भेटताच प्रश्न, “कुमाइन का ना?” म्हणजे, जेवलीस का?

ताईच्या घरमालकिणीला सारे तिता म्हणत, म्हणजे मावशी किंवा आत्या. ती रोज हा प्रश्न विचारी. मी शाकाहारी, आणि तेथे भाजीतही बहुधा ‘बागोओंग’ म्हणजे खारवलेल्या कोळंबीची चटणी असते. एका रविवारी तिताने माझ्यासाठी मुद्दाम भोपळा, वांगी, भेंडी घालून भाजी केली. पहिल्याच घासाला वास आला आणि मी शेजारणींदेखत म्हणाले, “यात कोळंबी आहे. मी सांगितलं होतं ना?” तिता हसली. चांगली मोठ्याने हसली. मला वाटले, मिटले.

दुसऱ्या दिवसापासून ‘जेवलीस का’ बंद झाले. हसणे मात्र चालूच. ताई म्हणाली, “अगं, चारचौघींत मान खाली घालायला लावलीस तिला. ती भांडणार थोडीच? इथे याला ‘हिया’ म्हणतात.” हिया म्हणजे लाज; पण आपल्या लाजेपेक्षा भिडेच्या अधिक जवळची. ती मोडली की माणूस हसतो, ‘हो’ म्हणतो आणि दूर होतो. म्हणून ‘हसऱ्या लोकांचा देश’ असे छापणारी प्रवासी माहितीपत्रके मला आता खोटी वाटतात. तिताची मुलगी सौदीत परिचारिका आहे. रोज रात्री दोघी फोनवर हसतखिदळत बोलत, आणि फोन ठेवल्यावर तिता बराच वेळ तशीच बसून राही. अशी घरे तेथे गल्लोगल्ली आहेत.

(जाता जाता: भारतीय माणसाला तेथे ‘बुंबाय’ म्हणतात, आपल्या बॉम्बेवरून! बुंबाय म्हणजे पाच देऊन सहा वसूल करणारा, मोटारसायकलवरून फिरणारा सावकार. हट्टी मुलांना त्याची भीती घालतात. त्या कीर्तीत मी भर घातली नसावी अशी आशा आहे.)

निघण्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात एकटी गाठून मी तिताचा हात कपाळाला लावला. ती हसली. हे हसणे कोणते, ते मला कळले नाही. सकाळी तिने बिस्किटांचा जुना डबा वाळवलेल्या आंब्यांनी भरून हातात दिला, “तुझ्या आईला.” प्रवासाहून येणाऱ्याने घरी खाऊ आणायचा, त्याला ते ‘पासालूबोंग’ म्हणतात.

आंबे संपले. डबा रिकामा परत कसा पाठवायचा, म्हणून आईने चकल्या तळायला घेतल्या आहेत.