उतारावरचे घर

संगणकावरचे खेळ म्हणजे वेळेची नासाडी, असे पुष्कळ लोक म्हणतात. काही खेळांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण ‘द सिम्स’ हा खेळ मला त्यांच्यात धरावासा वाटत नाही. या खेळात शत्रू नसतो, शर्यतही नसते. एका कुटुंबाला घर बांधून द्यायचे आणि त्याचा संसार चालवायचा, एवढेच काम असते. नीट मन लावून खेळला, तर हा खेळ घराविषयी विचार करायला शिकवतो.

या खेळामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील ओकलंड शहराच्या टेकड्यांवर ऑक्टोबर १९९१ मध्ये भयंकर आग लागली. अनेक वर्षांच्या दुष्काळाने झाडेझुडपे वाळली होती. वाराही जोराचा होता. रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे होते. त्यामुळे लोकांना खाली उतरणे आणि आगीच्या बंबांना वर पोहोचणे कठीण झाले. या आगीत २५ माणसे मरण पावली आणि तीन हजारांहून जास्त घरे जळाली. त्यांत विल राइट यांचेही घर होते. त्यांचे कुटुंब वाचले. पण संसार पुन्हा नव्याने मांडावा लागला. माणसाला घरात नक्की काय काय लागते, याचा ते विचार करू लागले. त्या विचारातून हा खेळ घडला आणि २००० साली लोकांसमोर आला.

आधी हा खेळ फक्त घराची रचना करण्याचा होता. ती रचना चांगली की वाईट, हे ठरवण्यासाठी त्यात माणसे घातली गेली. म्हणजे घराची परीक्षा घेणारे कोण? तर त्यात राहणारे! वर जायला जिना नसेल, तर ही माणसे हात हलवून तक्रार करतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता टेकडीवरच्या घराकडे वळू. या खेळाचा चौथा भाग २०१४ साली आला. त्यात जमीन उंचसखल करण्याची सोय २०१८ साली मिळाली. तेव्हापासून त्यात उतारावर घर बांधण्याची मजा घेता येते. पण काही खेळाडू काय करतात? टेकडी नको म्हणून सारी जमीन सपाट करून टाकतात आणि वर चौकोनी घर ठेवतात. माझ्या मते असे करू नये. टेकडी पुसून टाकली, तर टेकडीवर घर बांधण्यात अर्थ काय उरला?

त्यापेक्षा घरालाच पायऱ्यांसारखे टप्पे द्यावेत. २०२० पासून या खेळात एकाच मजल्यावरच्या खोल्या वेगवेगळ्या उंचीवर ठेवता येतात. खालच्या टप्प्यावर बैठकीची खोली, मधल्या टप्प्यावर स्वयंपाकघर आणि वर झोपण्याच्या खोल्या ठेवता येतील. घरातील वृद्धांची खोली मात्र दाराच्या पातळीवरच असावी. अशी मांडणी करताना डोके चालवावे लागते. खरे शिक्षण तेथेच आहे.

मात्र एक गोष्ट विसरू नये. खेळातील टेकडी फार आज्ञाधारक असते. कळ दाबली की माती नाहीशी होते. खरी माती अशी ऐकत नाही. वरची माती खणून खाली भराव घातला, तर तो भराव हळूहळू दबतो आणि वरच्या भिंतींना तडे जातात. माती अडवायला भिंत बांधली, तर तिच्यात पाणी जाण्यासाठी छिद्रे ठेवावी लागतात. नाहीतर पावसाचे पाणी मागे साचते आणि भिंत ढकलली जाते.

म्हणून मला वाटते, खेळात घर पूर्ण झाले की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पावसाचे पाणी कोठून जाईल? माती कशाने अडेल? आग लागली, तर माणसे कोणत्या वाटेने बाहेर पडतील? खेळ हे प्रश्न विचारत नाही. ते आपणच विचारायचे असतात. ओकलंडच्या त्या टेकड्यांवर तिसऱ्या प्रश्नाची किंमत माणसांनी आपल्या प्राणांनी मोजली आहे.